खानापुरातला जुना डेस्कटॉप, नवी एसएसडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

खानापुरात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, शाळेचे अर्ज, मराठी आणि कानडी दोन्ही. सगळं काम एका डेस्कटॉपवर : चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. गेल्या जूनमध्ये, पाऊस लागला आणि शाळांची धांदल सुरू झाली, नेमका तेव्हाच तो चालू होताना अडकायला लागला. विंडोजचं चिन्ह यायचं, खालचे ठिपके फिरता फिरता थांबायचे, कीबोर्डचा दिवासुद्धा दाद द्यायचा नाही. बटण दाबून बंद करायचं, परत लावायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कधीतरी उठायचा.

दुरुस्तीवाल्यानं विंडोज मारून दिलं. नऊ दिवस चाललं. पुन्हा तेच, पुन्हा फॉरमॅट. आमच्या भागात फॉरमॅट म्हणजे नुसतं विंडोज नव्हे. मराठी टायपिंगसाठी श्री-लिपी परत टाका, कानडीसाठी नुडी परत टाका, कारण नुडीच्या जुन्या फॉन्टमधली फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली की नुसती चिन्हं दिसतात. मग प्रिंटर, स्कॅनर. दर वेळी दोन दिवस गेले आणि पालक अर्जासाठी दारात उभे.

शेवटी मावसभावाला फोन केला. दादा बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला आहे. म्हणाला, "विंडोज राहू दे बाजूला. कुठं अडकूलाय ते बघ आधी." हा एक प्रश्न मला आधीच कुणी विचारला असता तर जून वाया गेला नसता. कंपनीच्या चिन्हावरच थांबत असेल तर विंडोजचा संबंधच नाही. रॅम, वायर किंवा मागे लावलेलं एखादं यंत्र बघायचं. ठिपक्यांवर थांबत असेल तर डिस्क किंवा ड्रायव्हर, म्हणजे एकेक भाग चालवणारा छोटा प्रोग्राम. पासवर्ड टाकल्यावर अडकत असेल तर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम.

माझा ठिपक्यांवर थांबत होता. तरी दादानं क्रम सोडू दिला नाही. प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्ह सगळं काढलं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबरानं पुसल्या, एकेक लावून बघितली. फरक शून्य. मदरबोर्डावरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवरचा, सेल मीटरवर २.४ व्होल्ट दाखवत होता, तो ३ व्होल्टचा सीआर २०३२ बदलला. अडकण्याशी त्याचा संबंध नव्हता, पण तारीख मागे जायची आणि त्यामुळे सरकारी साइट "सुरक्षित नाही" म्हणून उघडायच्या नाहीत, ते दुखणं गेलं. सेफ मोडमध्येही, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरवर चालवूनही, तो अडकला, म्हणजे ड्रायव्हरवरचा संशय कमी झाला. आणि अडकला की डिस्कचा लाल दिवा न लुकलुकता सलग पेटून राहायचा. हे मी रोज बघत होतो, अर्थ कळत नव्हता.

एकदाचा उठला तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा फुकटचा प्रोग्राम चालवला. पिवळा इशारा, आणि "करंट पेंडिंग सेक्टर" या ओळीत शून्य असायला हवं तिथं आकडा. डिस्कवरची एखादी जागा कमकुवत झाली की डिस्क ती वाचायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत बसते आणि तोवर विंडोज ताटकळतं. क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका नवी लिहितो, जागा तपासत नाही. दोन्ही फॉरमॅट फुकट का गेले ते तेव्हा समजलं.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. अशा डिस्कवर आधी चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम, चालवू नका. पूर्ण डिस्क खरवडून वाचण्याच्या त्या ताणात ती कायमची बसू शकते. आधी फाइली बाहेर काढा. मी पेन ड्राइव्हवरून उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली, चालू करून आठ वर्षांच्या पत्रिका दुसऱ्या डिस्कवर घेतल्या. रात्रभर लागलं. तीन फाइली आल्याच नाहीत.

मग एसएसडी घेतली, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क : क्रुशियल एमएक्स५००, ५०० जीबी, साटा जोडणीची. मला ३,८०० रुपयांना पडली. वॉरंटी ५ वर्षं, एकूण लिहिण्याची मर्यादा १८० टीबी. जुन्या मदरबोर्डाला सरळ बसते, फक्त अडीच इंची असल्यामुळे पट्टी लागते. चालू व्हायला आधी चार मिनिटं लागायची, आता पंचवीस सेकंद. आठ महिन्यांत लिहून झालंय साधारण ४ टीबी, तब्येत ९९ टक्के. तीनशे पानांची स्मरणिका मांडतानासुद्धा कधी थांबलं नाही.

तरी गणपतीच्या तोंडावर, मंडळांच्या पावती पुस्तकांच्या गर्दीत, मशीन पुन्हा एकदा अडकलं. या वेळी कंपनीच्या चिन्हावर. जागा वेगळी म्हणजे रोगही वेगळा. मीटर लावला तर पॉवर सप्लायची १२ व्होल्टची वायर ११.२ दाखवत होती, ११.४ च्या खाली जाता कामा नये. तो डबा उघडू नका, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका बसेल इतकी वीज राहते. सरळ बदलला, १,९०० रुपये. त्याच वेळी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या त्याचाही उलगडा झाला : भिंतीवरच्या विजेच्या बोर्डातली अर्थिंगची तार सुटलेली होती. वायरमननं ती जोडली, झिणझिण्या गेल्या.

फास्ट स्टार्टअप मी बंदच ठेवलंय. ते चालू असेल तर शट डाउन पुरतं होत नाही, विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो. रीस्टार्टला मशीन नीट उठतं आणि शट डाउननंतर अडकतं, असं दिसलं तर पहिला संशय यावरच घ्यावा.

एसएसडीबद्दल माझी एकच तक्रार, आणि ती सगळ्याच एसएसडींना लागू आहे. हार्ड डिस्क जाण्याआधी कुरकुरते, टकटकते, वेळ देते. एसएसडी पूर्वसूचना न देताही जाऊ शकते. म्हणून रोज संध्याकाळी शटर ओढण्याआधी दिवसभराचं काम बाहेरच्या डिस्कवर घेतो.

चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे हीच एसएसडी पुढच्या मशीनमध्ये नेणार आहे, पण लग्नसराई उरकल्यावर. न मिळालेल्या तीन फाइलींपैकी दोन छापील प्रती बघून पुन्हा टाइप केल्या. तिसरी नंदगडच्या एका घरातली पत्रिका होती, त्यांनी स्वतःच जपून ठेवलेली प्रत आणून दिली.