ग्रँड आयलंडच्या पाण्यात फोनचा पाउच न्यावा की वेगळा कॅमेरा?

पुण्या-मुंबईहून गोव्याला येणारे आमचे नातेवाईक ग्रँड आयलंड या बेटाची सफर ठरली की हमखास विचारतात, की काही शे रुपयांच्या वॉटरप्रूफ पाउचमध्ये फोन घालून पाण्यात उतरावे, की पाण्याखाली चालणारा कॅमेरा मिळवावा. याचे उत्तर किमतीत शोधण्याआधी इथले पाणी समजून घ्यायला हवे. मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्या आपला गाळ याच भागात समुद्राला मिळवतात. त्यामुळे हिवाळ्यातल्या शांत दिवसांतही इथे लक्षद्वीपसारखे नितळ पाणी मिळत नाही आणि काही मीटरपलीकडचे सारे हिरवट धूसरपणात विरून जाते. शिवाय बोटवाले स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे पाहण्यासाठी, लाइफ जॅकेट घालायला लावतात. ते योग्यच आहे. पण त्यामुळे आपण पृष्ठभागावरच तरंगत राहतो आणि हातातली वस्तू हाताच्या लांबीहून खोल जात नाही.

एवढे ध्यानात घेतले की जाहिरातीतल्या खोलीच्या आकड्यांचे वजन कमी होते. गोप्रो हीरो १२ हा ॲक्शन कॅमेरा वेगळ्या आवरणाशिवाय १० मीटरपर्यंत चालतो, ऑलिंपस टफ टीजी-६ हा छोटा कॅमेरा १५ मीटरपर्यंत, आणि चांगल्या पाउचवर आयपीएक्स८ असे, म्हणजे पाण्यात बुडवले तरी चालते असे, लिहिलेले असते. अर्ध्या मीटरवर तरंगणाऱ्याला या तिन्हींतले काहीही पुरते. खरा फरक पडतो तो पाण्यात बटण दाबता येते का, आणि भिंग विषयाच्या किती जवळ नेता येते, या दोन बाबींत.

पहिल्या बाबतीत पाउच उणा पडतो. किनाऱ्यावर पाउचमधून व्यवस्थित चालणारा टचस्क्रीन पाण्याखाली जवळजवळ निरुपयोगी होतो, कारण खारे पाणी विद्युतवाहक असल्याने स्क्रीनला बोटाचा स्पर्श वेगळा ओळखता येत नाही, आणि पाण्याच्या दाबाने प्लास्टिकही काचेला चिकटते. म्हणून आवाजाचे बटण शटरसारखे वापरता येते का हे घरीच पाहावे, किंवा बोटीवरच व्हिडिओ सुरू करून मग पाण्यात उतरावे आणि त्यातून नंतर हवी ती चित्रे वेगळी काढावीत. मला हा दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. ॲक्शन कॅमेऱ्यात आणि टफ कॅमेऱ्यात ही अडचण येत नाही, कारण त्यांची बटणे पाण्यातही दाबता येतात.

दुसऱ्या बाबतीत ॲक्शन कॅमेरा स्पष्टपणे सरस आहे. पाणी गढूळ असते तेव्हा मासा आणि भिंग यांच्यामधले पाणी कमी करणे हाच एक उपाय असतो, आणि रुंद दृष्टिकोनाच्या भिंगामुळे अगदी जवळ जाऊनही चौकटीत माणूस, खडक आणि मासे मावतात. फोनचे अतिरुंद भिंग वापरले तर पुष्कळदा पाउचची कडच चित्रात येते. रंगांचे दुखणे मात्र तिघांनाही सारखेच आहे. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे बाजारात लालभडक दिसणारी तांबोशी मासळी काही मीटर खाली करडी दिसते, आणि ते घरी आल्यावर थोडेफार सुधारावे लागते.

तरीही वर्षातून एकदा, तासाभरासाठी पाण्यात उतरणाऱ्या कुटुंबाने हजारो रुपये कॅमेऱ्यावर घालावेत, असे मी सुचवणार नाही. त्यांनी पाउचच घ्यावा. फक्त त्यात रोजचा फोन न घालता घरात पडून असलेला जुना फोन घालावा. माझ्या मामेभावाच्या पाउचच्या खाचेत वाळूचा एकच कण राहिला होता आणि तेवढ्याने त्याच्या मुलीच्या बारशाचे सगळे फोटो फोनसकट गेले, याचे मला आजही वाईट वाटते. आपला फोन आयपी६८, म्हणजे धूळ आणि पाणी रोखणारा, आहे म्हणून पाउचशिवाय नेणेही टाळावे, कारण ती चाचणी गोड्या पाण्यात होते आणि खारे पाणी चार्जिंगच्या खोबणीत राहिले तर तिथला धातू गंजतो. दर हिवाळ्यात मालवण, कर्नाटकातले नेत्राणी बेट, ग्रँड आयलंड असा फेरा करणाऱ्याने मात्र ॲक्शन कॅमेरा घ्यावा. टफ कॅमेरा मी खडकावरचे लहान जीव अगदी जवळून टिपण्याची आवड असलेल्यांनाच सुचवेन.

पाउच घेतलाच, तर आदल्या रात्री त्यात कोरडा टिश्यू पेपर ठेवून तो अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून पाहावा. फोन घालण्याचे काम दमट बोटीवर न करता वातानुकूलित खोलीत, सिलिका जेलची पुडी सोबत टाकून उरकावे. नाहीतर आत अडकलेली ओलसर हवा पाण्यात थंड होऊन भिंगापुढे वाफ धरते. हवा मात्र सगळी दाबून काढू नये, कारण हातातून सुटलेला पाउच तिच्याच आधारे तरंगतो. परतल्यावर पाउच बंद असतानाच गोड्या पाण्याने धुवावा, कोरड्या फडक्याने पुसावा, आणि तोंड खाली धरून मगच उघडावा, म्हणजे खाचेत अडकलेले थेंब आत न जाता बाहेर गळतात.