वाऱ्याचं ॲप आणि मांडव्याची बोट : एका हंगामाचा अनुभव

वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज देणाऱ्या ॲपची वार्षिक वर्गणी संपत आल्याचा मेसेज आलाय. परत पैसे भरायचे की नाही हे ठरवण्याआधी मनात आहे ते सगळं लिहून टाकतो. ॲपचं नाव देत नाही. माझी तक्रार ज्या गोष्टीबद्दल आहे, ती तुमच्या ॲपमध्ये आहे का ते तुम्हीच बघा.

आई-बाबा अलिबागजवळ चौलला, मी मुंबईत परळला. शनिवारी गेटवेवरून मांडवा, रविवारी परत. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा बोट केव्हाही बरी, पण आईला बोट लागते आणि बाबांचे गुडघे गेलेत, त्यामुळे ते बरोबर असले की कोणती बोट धरायची हा मोठाच प्रश्न असतो. त्यासाठी दसऱ्याला पैसे भरून हे ॲप घेतलं.

रंगीत नकाशा, बाण, झोतांचा आकडा हे सगळ्यांना माहीत आहे. फुकटात तीन-तीन तासांचा अंदाज मिळतो, पैसे भरले की तासातासाचा. मी पैसे मोजले ते या तासासाठी. जानेवारीपर्यंत मला विचारलं असतं तर डोळे मिटून घ्या म्हणालो असतो. थंडीत सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तो मध्ये पडतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. हा बदल किती वाजता होणार हे ॲप जवळजवळ अचूक सांगायचं. १२ नॉटच्या आत, म्हणजे ताशी साधारण २२ किमीच्या आत वारा असेल तर आई-बाबांना घेऊन निघायचं, त्यावर असेल तर पुढची किंवा आधीची बोट, असा माझा नियम झाला होता.

लाटेचा कालावधी दाखवतात ती सोय तर मला फारच आवडली. दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात तो हा आकडा. एक मीटरची लाट १२ सेकंदांनी येत असेल तर बोट सावकाश वर-खाली होते, कुणाला काही कळतही नाही. तीच एक मीटर ४-५ सेकंदांनी आली की पोटातलं सगळं वर येतं. हिवाळ्यात तिकडे इराणच्या आखातात शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटला की वायव्येकडून लाटा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात, मुंबईत वारा नसतानाही. फक्त वारा बघणाऱ्याला हे समजणारच नाही. आणि लाटेची जी उंची दाखवतात ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. मधूनच एखादी जवळजवळ दुप्पट येऊ शकते, हे धरूनच चालायचं.

मार्चमध्ये मत बदललं. होळीच्या दिवशी दुपारी आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला आणत होतो, मांडव्याहून तीनच्या सुमाराची बोट. ॲपमध्ये वारा ११ नॉट, लाट पाऊण मीटर, सगळं हिरवं. निघाल्यावर थोड्याच वेळात आखूड, उभ्या लाटा सुरू झाल्या. बोटीचं पुढचं टोक, नाळ, वर जाऊन धाडकन खाली आपटायची, डाव्या बाजूच्या ताडपत्रीच्या फटीतून पाणी आत यायचं. आईने बाकाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला होता, बोटं पांढरी पडली होती. खलाशी न बोलता प्लॅस्टिकच्या पिशव्या वाटत फिरत होता. कुलाब्याच्या आडोशाला आल्यावर पाणी शांत झालं, तोवर आईत बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

उतरताना बोट चालवणाऱ्या तांडेलला विचारलं. तो म्हणाला, "वारा काय नाय दादा, आज उधाणाची सुकती लागलेय. पाणी भायेर चाललंय नि वारा आत येतोय."

सुकती म्हणजे ओहोटी, आणि उधाणाची म्हणजे पौर्णिमा-अमावस्येची, जोराची. माझी सगळी तक्रार या बोलण्यात आहे. वाऱ्याच्या उलट दिशेने प्रवाह असला की लाटा आखडतात आणि उभ्या होतात. बंदराच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, दुपारचा पश्चिम-वायव्येचा वारा त्याच्यावर चाल करून येतो. वारा तोच ११ नॉट, पण भरतीत बोट सहज जाते आणि ओहोटीत माणसं आजारी पडतात. ॲपमध्ये भरतीची वेळ आहे, पण दुसऱ्याच पानावर, तीन टिचक्या मारल्यावर, नुसत्या पाण्याच्या उंचीचा आलेख म्हणून. प्रवाह कुठल्या दिशेला, वाऱ्याशी त्याचं काय नातं, याचा पत्ता नाही. हवामानाच्या चांगल्या जागतिक मॉडेलचा एक चौकोनही, ज्यात सगळीकडे एकच आकडा धरतात, सुमारे ९ किमीचा असतो आणि गेटवे ते मांडवा सरळ रेषेत तेरा-चौदा किमी. अख्खा प्रवास दीड-दोन चौकोनांत संपतो, त्यात बंदराच्या तोंडाशी काय चाललंय हे कसं दिसणार?

कोकणातला जुना हिशेब यासाठी फुकट आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा, म्हणजे बाराला सुकती पुरी होते आणि दुपारभर पाणी आत येत राहतं, तेही भांगाचं, कमी जोराचं. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती. मग दुपारभर उधाणाची ओहोटी, पाणी चार मीटरच्या आसपास उतरतं, आणि नेमका त्याच वेळी खारा वारा भरात असतो. मार्च ते मेमध्ये पौर्णिमा-अमावस्येच्या मागचे-पुढचे दोन दिवस दुपारी दोन ते पाचची बोट म्हातारी माणसं बरोबर असताना धरू नका, ॲप काहीही म्हणो. सकाळची धरा. त्या होळीपासून मी हेच पाळतोय आणि आईला एकदाही त्रास झालेला नाही.

कंपनीला हे सविस्तर लिहून कळवलं. उत्तर आलं की ॲप बंद करून पुन्हा चालू करा. परत लिहिलं, तर पैसे परत मिळण्याची मुदत संपल्याचं सांगितलं. मी पैसे मागितलेच नव्हते. एवढा राग मला लाटांचा आला नव्हता.

बाकी थोडक्यात. सूचना वेळेवर येतात, बॅटरी फार खात नाही. एप्रिल-मेमध्ये दक्षिण हिंदी महासागरातून येणाऱ्या लांब लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा इशारा बघा, तो फुकट आहे. हवामान खात्याचा इशारा आणि बंदरावरचा धोक्याचा बावटा यांच्यापुढे कुठलंही ॲप चालवू नका. तीन नंबरचा बावटा लागला आणि खिडकीवर बोट रद्द म्हणाले, तर वाद घालू नका. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट खवळलेल्या समुद्रात कलंडली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्याकडे ती गोष्ट अजून घराघरांत सांगतात.

बसायला जागा मधली-मागची, खालचा मजला. मांडव्याला जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. पाणी पश्चिमेकडून उडतं.

आता पैशांचं. जून ते ऑगस्ट गेटवेच्या बोटी बंदच असतात. गाड्याही नेणारी रो-रो भाऊच्या धक्क्यावरून हवामान बघून चालते, पण मोठ्या जहाजासाठी मला तासातासाचा वारा लागत नाही. म्हणजे बारा महिन्यांचे पैसे देऊन वापर नऊ महिने, त्यातही मार्चनंतर निम्मं काम तिथीच करते. वार्षिक वर्गणी भरणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्याच्या दराने घेईन, कारण थंडीतला सकाळचा वारा त्याच्याइतका नेमका मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही. वाऱ्याच्याच पानावर ओहोटीचा बाण आणून दाखवला, तर त्याच दिवशी वर्षाचे पैसे भरेन.