बैठकीच्या खोलीतल्या स्टिरिओला डिजिटल इक्वलायझर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमची बैठकीची खोली १० बाय १४ फुटांची आहे. छत साडेनऊ फुटांवर आहे, खाली गुळगुळीत फरशी आहे आणि एका भिंतीला काचेच्या दारांचे शोकेस आहे. डग्गा घुमला की शोकेसमधल्या वाट्या किणकिणत आणि तानपुऱ्याच्या खर्जावर एक जाड घुमारा पसरत असे. स्पीकर बदलण्याचा सल्ला अनेकांनी दिला; परंतु दोष खोलीचा असावा असे मला वाटत होते, म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी मिनीडीएसपी २×४ एचडी हा डिजिटल इक्वलायझर, म्हणजे निवडक स्वरांचा आवाज कमी-जास्त करणारे यंत्र, आणि मापनासाठी यूएमआयके-१ हा मायक्रोफोन घेतला.

माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरला कॅसेट डेकसाठी दिलेली टेप मॉनिटरची जोडणी आहे, तिचा येथे फार उपयोग झाला. टेप आउटमधून निघालेला संकेत इक्वलायझरमध्ये जातो आणि तेथून टेप इनमध्ये परत येतो. आवाजाची कळ या जोडणीच्या पुढे असल्यामुळे, गाणे हळू लावले तरी इक्वलायझरला पूर्ण ताकदीचा संकेत मिळतो. शिवाय मॉनिटरचे बटण दाबताच इक्वलायझर बाजूला होतो, त्यामुळे तुलना करणे सोपे जाते.

मापन रूम ईक्यू विझार्ड या विनामूल्य सॉफ्टवेअरने केले. मायक्रोफोन सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर उभा केला आणि सॉफ्टवेअरचा खालून वर चढत जाणारा सलग स्वर लावला. स्वर साठ हर्ट्‌झच्या आसपास येताच वाट्या वाजू लागल्या, म्हणजे कोणता स्वर किती मोठा ऐकू येतो हे दाखवणारा आलेख उमटण्याआधीच उत्तर मिळाले. आलेखात ५८ हर्ट्‌झला ११ डेसिबलचा उंचवटा होता आणि ४१ हर्ट्‌झला त्याहून लहान. त्याचे कारण खोलीच्या मापात आहे: ज्या स्वराची निम्मी तरंगलांबी दोन समोरासमोरच्या भिंतींमधल्या किंवा फरशी आणि छतामधल्या अंतराएवढी असते, तो स्वर खोली स्वतःच मोठा करते. आमच्या खोलीची रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने दोन्हींचा परिणाम जवळजवळ एकाच स्वरावर साचला होता.

सुरुवातीला मी एक चूक केली. आलेखात ८० हर्ट्‌झजवळ खड्डा दिसत होता, तो भरून काढण्यासाठी मी तेथे ६ डेसिबल वाढवले. तेवढ्या वाढीला ॲम्प्लिफायरची चौपट शक्ती लागते आणि प्रत्यक्षात खड्डा जेमतेम हलला, कारण मागच्या भिंतीवरून परतलेली लाट तेथे मूळ लाटेला पुसून टाकत होती. जितके वाढवावे तितके पुसले जाणारच. शेवटी सोफा फूटभर मागे सरकवला आणि खड्डा वरच्या स्वरांकडे जाऊन उथळ झाला. तेव्हापासून मी केवळ उंचवटे कापतो, आणि तेही २५० हर्ट्‌झच्या खालीच. ५८ हर्ट्‌झला ९ डेसिबल आणि ४१ हर्ट्‌झला ५ डेसिबल कमी केले आहेत. त्यावरच्या पट्ट्यात स्पीकरचा मूळ स्वभाव तसाच ठेवला आहे.

फरक सर्वांत जास्त डग्ग्यात जाणवतो. मनगटाच्या दाबाने निघणारी मींड पूर्वी खालच्या टोकाला पोहोचली की एकदम फुगत असे. आता ती वरपासून खालपर्यंत एका वजनाची ऐकू येते. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्‌झच्या आसपास असतो, त्याची तार आता जोडाच्या तारांपासून वेगळी ओळखता येते. तुलना करताना मात्र एक काळजी घ्यावी लागते: कापल्यामुळे एकूण आवाज थोडा उतरतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. दोन्ही बाजूंची पातळी आधी मापून सारखी केली नाही, तर इक्वलायझरशिवायचा आवाजच चांगला वाटेल.

पहिल्या आठवड्यात एक बारीक गुणगुण त्रास देत होती. लॅपटॉपचा चार्जर काढला की ती थांबत असे, म्हणजे ती अर्थिंगच्या वेटोळ्यातून, दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेतून, येत होती. कुठे किती कापायचे हे आकडे एकदा यंत्रात साठवले की लॅपटॉपची गरज उरत नाही. यूएसबीची तार काढून ठेवली आणि तो प्रश्न मिटला.

खोलीतला टाळीसारखा पडसाद या यंत्राने गेला नाही, जाणारही नव्हता. त्यासाठी फरशीवर जाड सतरंजी अंथरली आणि शोकेससमोरच्या उघड्या भिंतीला पुस्तकांचे कपाट लावले. ज्यांची खोली मोकळी आणि गुळगुळीत आहे त्यांनी यंत्र घेण्यापूर्वी हे करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. रेकॉर्ड प्लेअरचा संकेतही आता अंकांत बदलून परत येतो. काही रसिकांना ते पटत नाही, मला मात्र आठ महिन्यांत त्यातून काही हरवल्यासारखे वाटले नाही.

यंत्रात अशा आकड्यांच्या चार मांडण्या साठवता येतात. दुसरी मांडणी वडिलांच्या आरामखुर्चीसाठी केली आहे. ती मागच्या भिंतीला टेकून असल्याने तेथे ४१ हर्ट्‌झचा उंचवटा सोफ्यापेक्षा मोठा निघाला. सकाळी ते ऐकायला बसले की मी रिमोटने ती मांडणी लावून देतो. सोफ्यावर बसून ती ऐकली, तर डग्गा थोडा पातळ वाटतो.