परसातलं 10 बाय 12 चं पत्र्याचं शेड: उन्हाळा, पावसाळा आणि थंडी काढल्यावर

तापीकाठच्या काळ्या मातीत शेड टिकतं ते पायावर. पत्रा कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न नंतरचा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, म्हणून दोन फुटांवर थांबलेला खांब वर्षाच्या आत कलतो आणि दार अडायला लागतं. मुरूम लागेपर्यंत खणा. इथे तो चार फुटांवर लागला. सहा खड्डे, प्रत्येकी दीड बाय दीड फूट, काँक्रीट 1:1.5:3. खांब 50 बाय 50 चा चौकोनी पाइप, 3 मिमी जाडीचा, खाली बेसप्लेट आणि चार फाउंडेशन बोल्ट. जोतं जमिनीपासून फूटभर वर, आत मुरमाची कुटाई. कोबा खांबांच्या काँक्रीटला चिकटवू नका, मध्ये थर्माकोलची पट्टी ठेवा. माती हलली तरी खांबांपाशी फरशीला सहसा चीर जात नाही.

छपराला 12 फुटी चार पत्रे, 0.50 मिमी, पांढरे. निळा दिसायला छान, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास गेला की फरक हाताला कळतो. उतार फुटाला सव्वा इंच. सखल बाजू पश्चिमेला ठेवली, कारण पावसाळी वारा तिकडूनच येतो. उंच बाजू त्याच्या तोंडी दिली तर पत्रा खालून उचलला जातो. वादळात सगळ्यात आधी कडेचा पत्रा सुटतो, त्यामुळे कडेला स्क्रू जवळजवळ मारा, प्रत्येक उंचवट्यावर एक. उंचवट्यावरच, खोबणीत मारलेला स्क्रू गळतो. कारागीर मशीन दाबून धरतो तेव्हा थांबवा: रबरी वायसर पिळून बाहेर आलं की तिथून पाणी आलंच समजा.

थंडीत पहाटे पत्र्याच्या आतून दव सुटतं. थेंब सरळ युरियाच्या गोण्यांवर पडतात आणि खताचे दगड होतात. यावर पत्र्याखाली फोमचं अस्तर आणि दोन्ही बाजूंना वर नऊ इंची जाळी, हाच उपाय. जाळीमुळे उन्हाळ्यातली कोंडी बरीच निघते. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. ठिबकच्या नळ्या टांगून ठेवा, नाहीतर उंदीर कुरतडतात.

आता परवानगी. ‘पत्र्याचं आहे, कशाला परवानगी’ हे खोटं आहे. इकडच्या महापालिका-नगरपरिषद हद्दीत 2020 ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि घराभोवतीचं सामासिक अंतर मोकळं सोडायचं असतं. शेड त्यात घुसलं तर 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 53 खाली नोटीस येऊ शकते. मंजूर नकाशा हातात घेऊन नगररचना विभागात विचारा, गावठाणात ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या. पत्र्याचं टोक आणि पागोळीचं पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत जाता कामा नये. इथे पश्चिमेला शेजारी असल्याने पन्हाळ बसवावी लागली. ती पाऊस सुरू होण्याआधी साफ करा, निंबाचा पाला तिथेच अडकतो.