जनरल रिखी यांच्यावरची ऑडिओ सिरीज, जरूर ऐका

आपल्या लष्करातले मेजर जनरल इंदरजीत रिखी यांच्या करिअरवरची ही ऑडिओ सिरीज ऐकून संपवली, मनापासून आवडली. युनोची शांतिसेना म्हटलं की आपल्याला कांगोत लढलेले कॅप्टन सलारिया आणि त्यांचं परमवीर चक्र आठवतं, आठवायलाच हवं, पण दहा देशांचे जवान गोळा करून परक्या मुलखात उतरवायचे, त्यांचं रेशन, विमानं, वायरलेस सगळं बघायचं, हे जमवतं कोण यावर फारसं कुणी बोलतच नाही. रिखींनी आयुष्यभर तेच केलं. १९६० ला कांगो पेटलं तेव्हा ते युनोचे सरचिटणीस हॅमरशोल्ड यांचे लष्करी सल्लागार झाले आणि पुढे त्यांच्यानंतरचे सरचिटणीस ऊ थांट यांच्याकडेही तेच काम केलं.

सगळ्यात भारी भाग पश्चिम इरियनचा, म्हणजे न्यू गिनी बेटाच्या डचांकडे असलेल्या पश्चिम अर्ध्या भागाचा. १९६२ मध्ये डच आणि इंडोनेशियाचा समझोता झाला, पण इंडोनेशियाचे सैनिक घनदाट जंगलात विखुरलेले, त्यांना युद्ध थांबलंय हे सांगणार कसं? रिखींच्या हाताखाली फक्त २१ निरीक्षक, तेही गाझा आणि कांगोच्या मिशनमधून उचललेले. मग रेडिओवरून घोषणा, विमानातून मलय भाषेतली पत्रकं, जंगलातल्या सैनिकांना धान्य आणि औषधं पोचवायची सोय, आणि सप्टेंबरच्या २१ तारखेपर्यंत सगळ्या तुकड्या शोधून एकत्र आणल्या पण! हा भाग मी लगेच परत लावला.

नंतर येतं गाझा, तिथे इजिप्त-इस्रायल सीमेवरच्या युनो शांतिसेनेचे रिखी कमांडर होते. १६ मे १९६७ च्या रात्री इजिप्तचा ब्रिगेडियर पत्र घेऊन येतो, सीमेवरची माणसं काढून घ्या म्हणतो, आणि रिखी शांतपणे सांगतात की हा अधिकार माझा नाही, मी सरचिटणीसांना कळवतो. अख्ख्या फोर्सचा कमांडर असूनही एवढंच बोलता येतं, कारण शांतिसेना यजमान देशाच्या संमतीवर उभी असते आणि इस्रायलने तर आपल्या बाजूला तिला कधी येऊच दिलं नव्हतं. हे इतकं नीट समजावलंय की मला पहिल्यांदाच सगळा पेच कळला.

आता तक्रार. ५ जूनला इस्रायल आणि अरब देशांचं युद्ध पेटलं तेव्हा आपले जवान अजून गाझातच होते आणि त्यातले काही मारले गेले, हे एका वाक्यात उरकलंय, ते मला अजिबात पटलं नाही, त्या जवानांसाठी एक पूर्ण भाग हवा होता. १९७० ला रिखींनी इंटरनॅशनल पीस अकॅडमी उभी करण्यात पुढाकार घेतला, तिथे अधिकारी आणि राजनैतिक मंडळी एकत्र शिकायची, तेही घाईत गुंडाळलंय. आणि सोबत नकाशा दिलेला नाही, त्यामुळे इजिप्तच्या सिनाई वाळवंटाचा भाग ऐकताना ॲटलास उघडून बसा.

एनडीए, सीडीएस या लष्करभरतीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांना तर मी आवर्जून सांगेन, इरियनचा भाग आधी ऐका.