जिवंत कोळंबीसाठी चार्जिंगचा एअर पंप: एका मोसमाच्या वापरानंतर

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातून होडी ठरवून पनवेल खाडीच्या मुखाकडे गळ टाकायला जाणाऱ्या हौशी मंडळींचा निम्मा जीव आमिषाच्या बादलीत अडकलेला असतो. आपल्या खाडीचे पाणी बारमाही गढूळ असल्यामुळे कृत्रिम आमिष माशाला अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. जिवंत कोळंबीची हालचाल मात्र जिताडा किंवा तांबोशी आपल्या अंगावरील संवेदी रेषेने गढूळ पाण्यातही टिपतात. मेलेली कोळंबी गरीला लावली, तर बहुतेक वेळा शिंगाळाच वर येतो. त्यामुळे पाग (हाताने फेकायचे गोल जाळे) टाकणाऱ्याकडून सकाळी घेतलेली कोळंबी दुपारपर्यंत जिवंत ठेवणारा पंप ही या छंदातील चैन मानता येत नाही.

मी वापरलेला पंप तळहातावर मावणारा, यूएसबीवर चार्ज होणारा, मंद आणि जलद अशा दोन गतींचा असून त्याच्यासोबत एक पारदर्शक नळी आणि एक एअर स्टोन, म्हणजे नळीच्या टोकाला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड मिळतो. फिश टँकच्या दुकानांत आणि ऑनलाइन असे पंप वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. रूप मात्र बहुतेकांचे एकच. माझा निष्कर्ष असा की पंप घेण्याजोगा आहे, परंतु केवळ त्याच्या भरवशावर एप्रिल-मे महिन्यांत खाडीवर जाऊ नये.

याचे कारण पाण्याच्या तापमानात आहे. २० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांवर तो साडेसातापर्यंत उतरतो आणि समुद्राच्या खारटपणामुळे त्यातूनही जवळपास पाचवा हिस्सा कमी होतो. म्हणजे उन्हात तापलेल्या बादलीत पंप कितीही जोमाने बुडबुडे सोडत राहिला, तरी पाण्याला धरता येणारा प्राणवायूच मुळात थोडा असतो. त्याच वेळी उष्णतेमुळे कोळंबीची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. खोक्यावर छापलेली हवेची मात्रा या बाबतीत काहीच मदत करत नाही. पंप हवा देतो, गारवा देत नाही, आणि कोळंबीच्या मलमूत्रातून साचणारा अमोनियाही काढत नाही. म्हणून झाकणाचा थर्माकोलचा किंवा जाड भिंतींचा उथळ आइसबॉक्स, त्यात घट्ट बूच लावलेली बर्फाची बाटली आणि अधूनमधून थोडे थोडे बदललेले खाडीचे पाणी, एवढी जोड दिली तरच या पंपाचे पैसे वसूल होतात. बर्फ सुटा टाकू नये, कारण तो वितळला की नळाच्या पाण्यातील क्लोरीन कोळंबीपर्यंत पोहोचतो आणि खारटपणाही उतरतो. पावसाळ्यात खाडीच्या वरच्या थरात गोडे पाणी साचत असल्याने बदलाचे पाणी भरतीच्या वेळीच भरून घेतलेले बरे.

आता यंत्राविषयी. मंद गतीवर बॅटरी सकाळची भरती आणि पुढची ओहोटी सहज काढते. खोक्यावरचे तासही याच गतीचे आहेत, हे विक्रेत्याने ठळक अक्षरांत सांगायला हवे होते. जलद गतीवर बॅटरी लवकर उतरते आणि होडीच्या फायबरच्या तळाला टेकवलेला पंप इतका गुणगुणतो की तो कापडात गुंडाळावासा वाटतो. सोबतचा एअर स्टोन जाडाभरडा आहे. त्यातून निघणारे मोठे बुडबुडे झटकन वर येऊन फुटतात, तर बारीक बुडबुड्यांचा पाण्याशी संपर्क अधिक पृष्ठभागातून आणि अधिक वेळ राहतो. त्यामुळे फिश टँकच्या दुकानातून बारीक छिद्रांचा स्टोन वेगळा घेतला, आणि एवढ्या किरकोळ खर्चात जो फरक पडला तो महागडा पंप घेऊन पडला असता असे मला वाटत नाही.

सर्वांत गंभीर उणीव म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारी झडप यात नाही. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवून बंद केला, की पाणी नळीतून थेट यंत्रात शिरते. पंप काठावर उंच टांगणे किंवा नळीत सुटी झडप बसवणे, हे दोनच उपाय आहेत. चार्जिंगच्या तोंडावरील रबरी झाकणही सैल बसते. खाऱ्या हवेत तेथे हिरवट गंज धरतो, म्हणून घरी आल्यावर ते ओलसर कापडाने पुसून कोरडे करावे लागते.

अशा रीतीने जपलेली कोळंबी गरीवर नीट लावली नाही, तर सगळा खटाटोप वाया जातो. डोक्यावरच्या काटेरी शिंगाखाली दिसणारा काळसर ठिपका टाळून त्याच्या पुढून गरी घातली, तर कोळंबी बराच वेळ पोहत राहते. सर्कल हुक (टोक आत वळलेली गोलसर गरी) असल्यास हिसका न देता तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, ताणू द्यावा. गरी माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप रुतते आणि लहान जिताडा सुखरूप सोडून देता येतो. लहान जिताडा बहुधा नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, हे माहीत असलेला माणूस त्याला निदान घाईने टोपलीत टाकणार नाही. उधाणाच्या दिवसांत ओढ इतकी असते की जड शिसे लावावे लागते आणि कोळंबी तळाशी ओढली जाते; अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे कमी ओढीच्या भरती-ओहोटीला, हलक्या शिशावर काम भागते, त्यामुळे आमिषही कमी खर्ची पडते.

ऐरोली आणि वाशी या पुलांदरम्यानचा ठाणे खाडीचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्यात मोडतो, तेव्हा नवख्यांनी तिकडे गळ घेऊन जाऊ नये. जेट्टीवर बसून तासाभरात परतणाऱ्यांना या पंपाची गरज नाही. झाकणाची बादली आणि हाताने ढवळलेले पाणी त्यांना पुरेल. होडीने जाणाऱ्यांनी तो घ्यावा, मात्र नळी सिलिकॉनची बसवावी, कारण सोबतची पारदर्शक नळी उन्हाने कडक होऊन ऐन वेळी तोटीवरून निसटते.