नाशिकजवळची एक बोटसेवा : धक्क्यावरून बोटीत चढण्याच्या सोयीचे परीक्षण

नाशिक जिल्ह्यात गंगापूर, दारणा, मुकणे, काश्यपी, वैतरणा अशी धरणे एकमेकांपासून फार लांब नाहीत आणि हल्ली त्यांपैकी काहींच्या जलाशयांत बोटिंगची सोय झाली आहे. या सफरींबद्दल जे लिहिले जाते ते बहुधा सूर्यास्ताबद्दल किंवा स्पीडबोटीच्या वेगाबद्दल असते. ज्यांना नीट चालता येत नाही, त्यांची सफर मात्र धक्का आणि बोट यांच्यामधल्या फटीपाशीच ठरते. म्हणून हे परीक्षण तेवढ्या अंतरापुरतेच आहे. ज्या खासगी सेवेचा अनुभव घेतला तिचे नाव देत नाही, कारण त्रुटीही लिहायच्या आहेत आणि येथे लावलेले निकष कोणत्याही बोटसेवेला लावून पाहता येतील. आमच्यासोबत डाव्या अंगाला अर्धांगवायू झालेल्या सासूबाई आणि व्हीलचेअर वापरणारा मावसभाऊ होता.

आदल्या दिवशी फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने तिकिटाआधी तीन गोष्टी विचारल्या : कोणती बाजू अधू आहे, आधाराने किती वेळ उभे राहता येते आणि व्हीलचेअर हाताने ढकलायची आहे की बॅटरीची. बॅटरीच्या खुर्चीला त्यांनी स्पष्ट नकार दिला. माणसासह तिचे वजन फार होते आणि धक्का व त्यावरून बोटीत जाण्याची फळी तेवढ्यासाठी बांधलेली नाहीत, हे कारण पटण्यासारखे आहे. सकाळची वेळ घ्या, दुपारनंतर वारा सुटतो आणि बोट धक्क्याशी स्थिर राहत नाही, असेही त्यांनी आपणहून सांगितले.

धक्का प्लॅस्टिकच्या पोकळ ठोकळ्यांचा, तरंगता आहे. धरणाच्या पाण्यावर हीच रचना योग्य म्हणावी लागेल, कारण पावसाळ्याअखेरीस काठोकाठ असलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत कित्येक मीटर खाली जाते आणि काँक्रीटचा पक्का धक्का तेव्हा हवेत लटकल्यासारखा उरतो. येथे धक्का आणि बोट दोन्ही पाण्याबरोबर खालीवर होत असल्यामुळे त्यांच्या उंचीतला फरक वर्षभर जवळजवळ तेवढाच, सुमारे तीन इंच, राहतो. मात्र तरंगत्या धक्क्याच्या कडेला एकाच वेळी चारपाच माणसे उभी राहिली की ती कड खचते. म्हणून सासूबाई बोटीत बसेपर्यंत इतर सर्व प्रवाशांना त्यांनी मागे, काठावरून धक्क्यावर आणणाऱ्या जोडपुलाच्या तोंडाशी थांबवून ठेवले. कुरकुर झाली, पण ऐकले गेले.

या सेवेचे खरे श्रेय दोरांना द्यावे लागेल. पुष्कळ ठिकाणी बोटीचे पुढचे टोक एका दोराने बांधतात आणि इंजिन चालू ठेवून बोट धक्क्याला रेटून धरतात. चढणाऱ्याचे वजन पडले की मागचे टोक बाहेर सरकते आणि एक पाय धक्क्यावर, दुसरा बोटीत असताना मधली फट रुंदावते. बहुतेक अपघाताचे भय याच क्षणी असते. येथे पुढे आणि मागे एकेक दोर तर होताच, शिवाय दोन तिरके दोर परस्परविरुद्ध दिशांनी ताणलेले होते, त्यामुळे बोटीला लांबीच्या दिशेनेही सरकायला जागा उरली नव्हती. इंजिन पूर्ण बंद होते. मधूनच दुसरी एक बोट वेगाने जवळून गेली, तेव्हा नावाड्याने हात वर करून सर्वांना थांबवले आणि तिच्या लाटा विरेपर्यंत कोणालाही पाऊल उचलू दिले नाही. बोटही उथळ, रुंद आणि सपाट तळाची आहे, म्हणून एका बाजूला वजन आले तरी ती फारशी कलत नाही.

माणसांची वागणूक हा दुसरा भाग. रामकुंडाच्या पायऱ्यांवरून घरच्या म्हाताऱ्या माणसांना बखोटीला धरून उतरवण्याची आपल्याकडची जुनी सवय आहे आणि त्यामागे मायाच असते. परंतु अर्धांगवायू झालेल्या बाजूचा खांदा बऱ्याचदा सैल पडलेला असतो, त्या हाताला ओढ बसली तर तो निखळू शकतो. येथल्या नावाड्याने हात लावण्याआधी विचारले, ‘‘मावशी, कोणत्या अंगानं धरू? तुम्ही सांगाल तसं करतो.’’ सासूबाईंनी उजवा हात मोकळा मागितला. त्यांनी फळीही काढायला सांगितली, कारण घोट्याला कडक पट्टी असल्यामुळे त्यांना उतारापेक्षा पायरी सोपी जाते. फळी मुकाट्याने काढली गेली. त्यांच्या कमरेला मुठी असलेला रुंद पट्टा बांधून एक जण बोटीत समोर आणि एक जण मागे उभा राहिला. उतरताना अधू पाय आधी, चढताना भक्कम पाय आधी, हा क्रम त्या दोघांना तोंडपाठ होता.

दाराच्या दोन्ही बाजूंना पकडायला पक्के खांब आहेत, ही वरवर किरकोळ वाटणारी सोय मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटली. आत जाताना उजव्या हाताला आलेला खांब परतताना डाव्या हाताला येतो. एकच खांब असता, तर ज्यांचा एकच हात चालतो त्यांची एक फेरी निराधार झाली असती.

व्हीलचेअरसाठी खरबरीत पृष्ठभागाची, तीन फूट लांबीची ॲल्युमिनियमची फळी आहे. ती धक्क्याच्या बाजूला बिजागरीने जोडलेली असून बोटीच्या बाजूला मोकळी राहते, म्हणून बोट हलली तरी उचकटत नाही. खुर्ची उलटी, मोठी चाके आधी, अशी आत घेतली. पुढची लहान चाके फटीत अडकण्याचा धोका त्याने टळतो. आत खुर्ची पट्ट्यांनी तळाला बांधली, पण मावसभावाचा खुर्चीचा पट्टा सोडायला लावला. त्याला ते प्रथम विचित्र वाटले. माणूस खुर्चीला बांधलेला असेल आणि बोट उलटली, तर लाइफ जॅकेट असूनही तो खुर्चीसह खाली ओढला जाईल, हे नावाड्याने समजावून सांगितल्यावर त्याचा आक्षेप उरला नाही. लाइफ जॅकेटही बोटीत बसल्यावर नव्हे, तर जोडपुलावर येण्यापूर्वीच घालायला दिले. तेथे मात्र एक उणीव जाणवली : सर्व जॅकेटांच्या पाठी जाड आहेत आणि खुर्चीत बसणाऱ्याला त्या पुढे ढकलतात. पातळ पाठीची दोनतीन जॅकेटे ठेवणे फार खर्चाचे नाही.

आता जोडपूल, जो या सेवेचा सर्वांत कच्चा दुवा आहे. काठाला बिजागरीने जोडलेला हा पूल सुमारे वीस फूट लांब आहे. व्हीलचेअरच्या उतारासाठी आपल्याकडे एकास बारा हे प्रमाण मानतात, म्हणजे एक फूट उतरायला बारा फूट लांबी हवी. त्या हिशेबाने हा पूल पाणी वीस इंच उतरेपर्यंतच प्रमाणात राहतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी त्याहून बरेच खाली गेले होते आणि खुर्ची दोघांनी धरून, उलटी उतरवावी लागली. परतीची चढण तर तिघांची झाली. पुलाआधीच्या मुरमाच्या रस्त्यावर ना फरशी आहे ना कठडा. नावाड्यांनी ही कसर मनगटाच्या जोरावर भरून काढली, पण मनगटाचा जोर ही सोय नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सुगम्यतेची अपेक्षा सरकारी इमारतींपुरती ठेवलेली नाही, खासगी सेवांनाही ती लागू आहे. पुलाला दुसरा टप्पा जोडणे आणि मुरमावर उचलून हलवता येतील असे जाळीचे पट्टे अंथरणे, एवढे तरी चालकांनी करावे.

तिकीट सर्वांना सारखेच आहे, मदतीचे वेगळे पैसे घेतले नाहीत. व्हीलचेअर आत जाईल असे स्वच्छतागृह काठावर नाही, त्यामुळे ती व्यवस्था शहरातून निघतानाच पाहावी लागते. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी पावसाळा संपल्यानंतरचे पहिले काही आठवडे निवडावेत आणि फोनवर ‘पूल आज किती उतरता आहे’ असे थेट विचारावे. पाणी कमी असेल तेव्हा काठी घेऊन चालणाऱ्यांनी सोबत घरचा एक सशक्त माणूस न्यावा. उन्हाळ्यात मात्र व्हीलचेअर घेऊन येथे जाण्याची शिफारस मी करणार नाही.